ठोकळा, चपटं आणि ठामराव

वस्तू तळहातावर तोलून पाहिल्याशिवाय ठामराव तिच्याविषयी मत बनवत नसत, आणि एकदा बनवलेलं मत ब्रह्मदेव आला तरी बदलत नसत. ठामराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नळांच्या कारखान्यात त्यांना ते पडलं होतं आणि एका दिवशी संध्याकाळी त्यांच्या आधी घरी पोचलं होतं. कारखान्यात ते तपासनीस होते. लांबलचक टेबलावर नळ ओळीने लावलेले असायचे. त्यांत दाबाने पाणी सोडायचं, कुठे थेंब दिसतो का पाहायचं, आटे बोटाने चाचपायचे आणि शेवटी नळ तळहातावर ठेवून क्षणभर डोळे मिटायचे. हलका लागला की लाल स्टिकर, जड लागला की हिरवा. जन्मभर हेच केल्यामुळे जगातल्या बहुतेक वस्तू आणि जवळजवळ सगळे नातेवाईक लाल स्टिकरच्या लायकीचे आहेत, अशी त्यांची खात्री झाली होती.

नातेवाइकांत पहिला लाल स्टिकर साडूचा. साडू बँकेत होता. लग्नापासून या माणसाने एक व्रत घेतलं होतं: कुठलीही वस्तू ठामरावांच्या आधी घ्यायची, आणि मग ती कशी चालते हे ठामरावांच्याच घरी, ठामरावांच्याच सोफ्यावर बसून, ठामरावांचाच चहा पीत सांगायचं. फ्रीज आधी त्याचा, गाडी आधी त्याची, इतकंच काय, चाळीशीचा चष्मासुद्धा आधी त्यालाच लागला होता. दुसऱ्याचं ऐकणं हा प्रकार त्याच्या स्वभावात नव्हता. तो ठामरावांच्याही स्वभावात नव्हता, पण स्वतःच्या बाबतीत ते त्याला तत्त्व म्हणत.

साडूकडे गेम खेळायचं मशीनही अर्थातच आधी आलं. पातळ, चपटं, पांढरं. ठामरावांनी ते एकदाच उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. "पोकळ आहे," एवढंच ते म्हणाले. पण त्यांची लेक आणि साडूची लेक या दोघी मावसबहिणी रोज संध्याकाळी त्या पोकळ वस्तूपुढे एकमेकींच्या अंगावर रेलून बसायच्या. दोघींची जोडी होती. जोडीला दोघींच्या लाडक्या नावांची मोडतोड करून एक अगम्य नाव ठेवलेलं होतं. ठामरावांची लेक तशी अबोल, शाळेत मैत्रिणी बेताच्या. तिला जे काही बोलायचं असे, ते ती त्या मशीनपुढे बसून बहिणीशी बोलत असे.

मग साडूची बदली झाली. तो सामानसुमान, बायको, लेक आणि चपटं मशीन घेऊन लांबच्या शहरात गेला. ठामरावांना जरा मोकळं वाटलं. लेकीला नाही. ती आता घरच्या सोफ्याच्या एका टोकाला बसायची आणि दुसरा अर्धा भाग रिकामा ठेवायची. एकदा ठामराव पेपर घेऊन त्या रिकाम्या अर्ध्यात बसले, तर ती उठून आत गेली.

वाढदिवसाला काय हवं असं विचारल्यावर लेकीने चाचरत सांगितलं, "आपण ते मशीन घेऊ या? आपापल्या घरी बसूनही एकत्र खेळता येतं. बोलतासुद्धा येतं. फक्त कंपनी तीच पाहिजे हं, बाबा. तिच्याकडे आहे तीच."

या वाक्यातलं पहिलं अर्धं ठामरावांनी ऐकलं. दुसरं अर्धंही ऐकलं, पण त्याला लाल स्टिकर लावला.

"कंपनी तीच का पाहिजे?" ते म्हणाले. "आपला फोन एका कंपनीचा, तुझ्या मावशीचा दुसरीचा. लागत नाही का? नळ कुठल्याही कारखान्याचा घे, कुठल्याही पाइपला बसतो. आटे ठरलेले असतात. जगात सगळीकडे शिस्त आहे, ती काय या खेळण्यांसाठी मोडतील?"

आता या बोलण्यात खरं तर काही चूक नव्हती. कुठल्याही शहाण्या माणसाला असंच वाटेल, आणि म्हणूनच त्या धंद्यात शहाणी माणसं गिऱ्हाईक म्हणून चालत नाहीत. एका कंपनीचा नळ घेतला की त्यातून फक्त त्याच कंपनीचं पाणी येणार, आणि शेजाऱ्याचा नळ वेगळा असेल तर त्याच्याशी पाण्याविषयी बोलायचंही नाही, अशी ही व्यवस्था. नळवाल्यांनी असं काही केलं असतं तर लोकांनी कारखाना पेटवला असता. इथे मात्र लोक रांगा लावून पैसे देतात आणि वर आपापल्या कंपनीची बाजू घेऊन भांडतात.

"ती सांगतेय ते ऐका," बायको म्हणाली. "तिला त्यातलं कळतं."

"तिला खेळायचं कळतं. वस्तू मला कळते," ठामराव म्हणाले.

तरी त्यांनी रीतसर चौकशी केली. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांच्या नातवासाठी त्यांनी ठोकळ्यासारखं दिसणारं एक काळं मशीन घेतलं होतं, आणि नातू परगावी गेल्यावर ते स्वतःच त्यावर मासे पकडत बसत. ते म्हणाले, "ठोकळाच घ्या. डोळे झाकून घ्या." तळमजल्यावर दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात पोरं रडू नयेत म्हणून त्यांनीही ठोकळाच ठेवला होता. त्यांनी ठामरावांच्या तोंडात आरसा घातलेला असतानाच ठोकळ्याचे गुण सांगितले, त्यामुळे ठामरावांना शंका विचारता आली नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखादी महागाची वस्तू घेतलेला माणूस 'घेऊ नका' असं कधीच म्हणत नाही. आपण एकट्यानेच फसलोय ही कल्पना माणसाला सोसत नाही. दोघं-तिघं फसले की तिला पसंती म्हणतात, आणि सगळी इमारत फसली की तिला नावलौकिक म्हणतात.

दुकानात विक्रेत्याने दोन्ही मशीनं काउंटरवर ठेवली. तो चित्राच्या स्पष्टतेविषयी बोलू लागला. ठामरावांनी त्याला हाताने थांबवलं. आधी चपटं तळहातावर घेतलं, डोळे मिटले, आणि नाक मुरडून खाली ठेवलं. मग ठोकळा घेतला. ठोकळा एका हाताला पेलेना, दुसरा लावावा लागला. ठामरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं, कुठे खरखर लागते का पाहिलं, कानाशी धरून हलवला.

"साहेब, ते हलवू नका," विक्रेता म्हणाला.

"खुळखुळत नाही," ठामराव म्हणाले. "हाच द्या."

लेक शेजारी उभी होती. तिने चपट्यावर हात ठेवला होता. "बाबा, पण ती याच्यावर आहे," ती हळूच म्हणाली.

"अहो, हिच्या बहिणीकडे हे चपटं आहे," ठामरावांनी विक्रेत्याला हसून सांगितलं. "दोन्हीवर सारखाच खेळ चालतो ना?"

"खेळ सारखाच चालतो," विक्रेता म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही. तो खेळ दोन्हीवर चालत होता, फक्त एकावरून दुसऱ्यावर पोचत नव्हता. विचारलं असतं तर त्याने तेही सांगितलं असतं, पण विकणाऱ्याने न विचारलेलं सांगितलं तर दुकानं चालायची कशी?

घरी ठोकळा टीव्हीखाली बसला. लेकीने तो सुरू केला, बहिणीला फोन लावला, दोघींनी आपापल्या पडद्यावर एकमेकींना शोधलं आणि एकमेकी सापडल्या नाहीत. फोन मात्र लागला होता. लेकीने कंट्रोलर खाली ठेवला. "नाही होत, बाबा," एवढंच ती म्हणाली. ती आदळआपट करती तर ठामरावांना चिडता आलं असतं. तिने ती सोयही ठेवली नाही.

"काहीतरी सेटिंग असेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ठोकळा बदलून घ्यायला दुकानात गेले. उघडलेला खोका परत घेत नाहीत, असं विक्रेत्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. नापास माल परत न घेणारा धंदा ठामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पण बदलायला गेलो होतो हे घरी सांगायचं म्हणजे मत बदललं असं सांगण्यासारखं होतं. म्हणून घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की आपण घेतलं तेच उत्तम आहे. कंपनीवरची निष्ठा निष्ठा म्हणतात ती बहुधा अशीच, परतीच्या रस्त्यावर तयार होते.

आता उत्तम वस्तूची काळजी घ्यायला हवी. त्या घरात रिमोटला प्लॅस्टिक होतं, प्लॅस्टिकला रबरबँड होतं. ठोकळ्याला शेजारच्या काकूंनी जाड कापडाचं, चारी बाजूंनी नीट बसणारं, झालरीचं आवरण शिवून दिलं. ठामरावांनी पट्टी घेऊन मापं स्वतः दिली होती, त्यामुळे हवा जायला सुतभर जागा राहिली नाही. आठवडा उलटला नाही तोच ठोकळा घरघरू लागला, तापू लागला आणि मधेच मान टाकू लागला.

यावर ठामरावांनी तज्ज्ञाने करावं तेच केलं. ठोकळा उलटा केला, तळाचं चकाकतं सील नखाने काढलं आणि स्क्रू सोडवून आतला माल तपासला. आतलं त्यांना काहीच कळलं नाही, पण स्क्रूंचे आटे पसंत पडले. मग कंपनीला फोन केला. तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एका बाईने त्यांना इतक्या वेळा सांगितलं की त्यांचा त्यावरचा विश्वास उडाला. शेवटी एक खरा माणूस लाइनवर आला.

"मशीनवर काही ठेवलंय का?" त्याने विचारलं.

"काही नाही. फक्त आवरण."

"कसलं आवरण?"

"कापडी. झालरीचं."

मग त्याने विचारलं, "तळाचं सील शाबूत आहे ना?"

"ते मी तपासणीसाठी काढलं."

"मग वॉरंटी गेली, साहेब."

"अहो, मी स्वतः जन्मभर सील लावत आलोय," ठामराव संतापून म्हणाले. "मला सील शिकवता?"

पण तो माणूस शिकवत नव्हताच, त्याने फोन ठेवला होता. बायकोने येऊन आवरण काढून नेलं. ठोकळा बरा झाला. आवरण नंतर मिक्सरला बसलं. या इलाजाची चर्चा घरात पुन्हा होऊ नये अशी ठामरावांची इच्छा होती, म्हणून ती रोज होत असे.

अपमान झाला की ठामराव पत्र लिहीत. त्यांनी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. सगळ्या कंपन्यांनी आटे एकसारखे ठेवावेत, म्हणजे एका मशीनवरच्या मुलीला दुसऱ्या मशीनवरच्या मुलीशी खेळता येईल, अशी मागणी त्यात होती. पत्र फार चांगलं होतं. त्याला उत्तर आलं ते असं: 'आपल्या निष्ठेबद्दल आभार. आपण आता आमचे सुवर्ण सदस्य आहात.' सोबत एक किल्लीची साखळी आली.

आट्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हतं. पण ठामरावांनी तो कागद दोनदा वाचला. इतकी वर्षं नळ तपासले, कारखान्याने त्यांना सुवर्ण सोडा, पितळी सदस्यही केलं नव्हतं. एका समारंभात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तेही मागे पडायचं. आणि इथे एका परक्या कंपनीला त्यांची निष्ठा दिसली होती. ते पत्र मशीननेच लिहिलेलं आहे, असं कुणीही सांगितलं असतं. पण स्तुती कुठून आली हे विचारत बसायला ठामराव काही मूर्ख नव्हते. त्यांनी साखळी किल्ल्यांना लावली आणि त्या दिवसापासून ते ठोकळ्याचे झाले.

नुसते झाले नाहीत, इतरांना करू लागले. लेकीला खेळायला जोडी नाही, तर आपण जोड्या तयार करू, असा त्यांचा हिशेब. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी ते लोकांना गाठून ठोकळ्याचं वजन सांगू लागले. पोस्टमास्तर आणि दाताचे डॉक्टर आधीचेच अनुभवी, ते दोन्ही बाजूंना उभे राहून मान डोलावत. हळूहळू इमारतीत घरोघर ठोकळे आले. मग ज्यांच्याकडे चपटं होतं त्यांनी आपला गट केला. ठोकळेवाले आणि चपटेवाले जिन्यात एकमेकांना वाट देईनासे झाले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं ही म्हण आजवर पोरांपुरती होती. ती यंत्रांना लागू झाल्यावर मोठ्या माणसांची जी भांडणं झाली, ती पोरांनाही शोभली नसती. एका चपटेवाल्याने डॉक्टरांच्या हातून अर्धी कवळी बसवून घेतली होती. तो उरलेल्या अर्ध्या कवळीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला.

ही सगळी मोहीम ठामराव कुटुंबाच्या ग्रुपवरही चालवत. नाव न घेता, पण रोख साडूवर ठेवून. 'जड वस्तू टिकते.' 'पोकळ वस्तू वाजते फार.' साडू एका शब्दाने उत्तर देत नसे, फक्त हसरा चेहरा पाठवत असे. तो चेहरा पाहिला की ठामरावांचं जेवण कडू व्हायचं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसाने 'तुमचं बरोबर' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

या धामधुमीत ज्या लेकीसाठी हे चाललं होतं ती सोफ्याच्या टोकाला तशीच बसलेली होती. खाली डॉक्टरांशी किंवा वर पोस्टमास्तरांशी तिने खेळावं असा आग्रह होई. एकदा ती पोस्टमास्तरांबरोबर मासे पकडायला बसलीही. पोस्टमास्तर प्रत्येक माशाचं वजन मोठ्याने सांगत होते. तिने फार सौजन्याने तासभर सोसलं.

मग एका संध्याकाळी ठामराव कारखान्यातून आले, चपला काढत होते, तेव्हा आतून लेकीचा आवाज आला. ती फोनवर बहिणीशी बोलत होती.

"तू घे ना तुझ्या शाळेतल्या त्या मुलीला जोडीला. खरंच घे. माझं काही होणार नाही आता... नाही गं, रागावले नाहीये." मग जरा थांबून म्हणाली, "नाव तेवढं ठेव आपलं. की तिला चालणार नाही?"

ठामराव एक चप्पल हातात घेऊन तिथेच उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. नळ गळत असला तर तो कुठे गळतो हे त्यांना अचूक कळे. इथे इतके दिवस घरात गळत होतं आणि आपण सबंध इमारतीचे आटे तपासत फिरत होतो, हे त्यांना आत्ता कळलं. मत बदललं असं त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. त्यांनी फक्त ठरवलं की चपटं आणायचं.

जुनं मशीन देऊन त्यावर दुसरं मिळतं, हे त्यांनी चौकशी न केल्यासारखं दाखवून चौकशी करून काढलं. शनिवारी सकाळी ठोकळा जुन्या गादीच्या खोळीत गुंडाळून, जिना रिकामा असल्याचं पाहून, ते बाहेर पडले. दुकानात शिरताना कपडे धुण्याच्या यंत्रामागे कुणीतरी वाकलेलं त्यांना दिसलं. तो माणूस फार ओळखीचा वाटला. दाताचे डॉक्टर होते. त्यांच्या काखेत उशीच्या अभ्र्यात काहीतरी चौकोनी होतं.

"सहज आलो होतो," डॉक्टर म्हणाले. "वॉशिंग मशीन बघायला."

"मीही," ठामराव म्हणाले. "गादी दाखवायला."

यावर दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला. जगात सभ्यता शिल्लक आहे ती एवढीच.

विक्रेत्याने ठोकळा घेतला, उलटा करून सील पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि अगदीच फुटकळ किंमत सांगितली. एरवी ठामरावांनी त्याला तासभर सुनावलं असतं. आज त्यांनी मिळेल ती किंमत घेतली. ठोकळ्याच्या कडेला त्यांनी कौतुकाने कारखान्याचा हिरवा 'तपासून पास' स्टिकर लावला होता, तो काढायचाही त्यांना धीर झाला नाही. चपटं काखेत मारून ते घरी आले. ते इतकं हलकं होतं की वाटेत दोनदा त्यांनी ते पडलं तर नाही ना, हे चाचपून पाहिलं.

लेकीने खोका पाहिला. मग बापाकडे पाहिलं. मग धावत येऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली, जी तिने पाचवीनंतर मारली नव्हती. ठामराव म्हणाले, "पोकळ आहे. पण असू दे."

तिने मशीन जोडलं आणि बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू होता. "अगं, ओळख काय झालं," ती म्हणाली.

"थांब, आधी माझं ऐक," पलीकडून मावसबहीण ओरडली. "तुला रात्री सांगणार होते. आमच्याकडे ठोकळा आला. बाबांनी आज सकाळीच बदलून आणला. आता आपली जोडी पक्की."

लेकीचा हात कंट्रोलरवरच राहिला. पलीकडे फोन कुणीतरी हिसकावून घेतल्याचा आवाज आला आणि साडूने घसा खाकरला.

"साडूभाऊ आहेत का? हां. मानलं तुम्हाला. तुम्ही जे ग्रुपवर सांगत होता ना वजनाचं, ते मी हातात घेऊन पाहिलं. तुमचं बरोबर होतं."

जन्मभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य ठामरावांच्या घरात, मोठ्या आवाजात, बायकोसमक्ष उमटलं, आणि ते ऐकताना त्यांच्या मांडीवर चपट्याचा रिकामा खोका होता. दैव असतं की नाही कुणास ठाऊक, पण असलंच तर ते अशा वेळी दारामागे उभं राहून तोंडात रुमाल कोंबून हसत असणार.

"अं," ठामराव म्हणाले. "बरं केलंत."

लेक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, फक्त आता बाबा काय करतात हा प्रश्न होता. साडूला खरं सांगितलं असतं तर तो हसत हसत चपट्यावर परतला असता, आणि पुढची तीस वर्षं प्रत्येक चहाबरोबर ही गोष्ट सांगितली गेली असती. नाही सांगितलं तर लेक पुन्हा सोफ्याच्या टोकाला. ठामराव उठले आणि त्यांनी जोडलेलं चपटं सोडवून खोक्यात भरलं. पायजम्यावरच होते, तसेच निघाले.

"अहो, कुठे?" बायको म्हणाली.

"आलो," ते म्हणाले.

दुकानात त्यांचा ठोकळा जुन्या मालाच्या फळीवर, अगदी पुढे मांडलेला होता. शेजारी आणखी एक ठोकळा होता, त्याला दाताच्या दवाखान्यासारखा लवंगतेलाचा वास येत होता. विक्रेत्याने ठामरावांना ओळखलं. ओळखल्याचं न दाखवण्याइतका तो धंद्यात मुरलेला होता.

"हा घ्या, साहेब. वापरलेला असला तरी खात्रीचा पीस आहे," तो म्हणाला आणि त्याने हिरव्या स्टिकरवर बोट ठेवलं. "हे बघा. कुठल्या तरी तज्ज्ञाने तपासून पास केलाय."

"कुठल्या तज्ज्ञाने?" ठामरावांनी विचारलं.

"ते माहीत नाही. पण उगाच कोण लावेल?"

विकायला आलेला ठोकळा सकाळी टाकाऊ होता, तो दुपारी दुर्मीळ झाला होता. भाव त्या मानाने चढला होता. चपटं बदल्यात देऊनही वर बरीच रक्कम द्यावी लागली. त्यांनी घासाघीस केली नाही, कारण घासाघीस करायची तर आपल्याच मालाला नावं ठेवावी लागली असती, आणि तेवढं त्यांच्याने झालं नसतं.

घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने काखेतल्या ठोकळ्याकडे पाहिलं, स्टिकरकडे पाहिलं आणि चहा टाकायला वळली.

"ताईचा फोन होऊन गेला," ती आतून म्हणाली. "वजनबिजन काही नाही हो. त्यांच्या पोरीने जेवण सोडलं होतं. नव्या शाळेतल्या कुणाला जोडीला घ्यायला ती तयारच नव्हती. शेवटी तिच्या बापाने निमूट मशीन बदललं. तुमचं नाव पुढे केलं, म्हणजे पोरीपुढे हरलो असं म्हणायला नको."

इतक्या लोकांना ठामरावांनी ठोकळा घ्यायला लावला, आणि ज्याचं मन वळावं असं वाटत होतं त्याचं मन एका उपाशी पोरीने वळवलं. त्यांना साडूचा राग आला नाही. उलट जन्मात पहिल्यांदा तो आपल्यासारखाच वाटला, आणि हे काही त्यांना आवडलं नाही.

मशीन जोडलं गेलं. पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. मग ते अगम्य, मोडतोड केलेलं जोडीचं नाव आलं, आणि दोन्हीकडून एकदमच बोलायला सुरुवात झाली. मधल्या सगळ्या महिन्यांचं साचलेलं होतं, ते खेळण्याच्या नावाखाली भळभळा बाहेर यायला लागलं. खेळ दोघीही हरत होत्या, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मधेच पलीकडून साडूचा आवाज आला. "साडूभाऊ, एक सांगतो, हलकं मशीन घेणारा माणूस मूर्ख."

"असं काही नाही हो," ठामराव म्हणाले. "हलक्याला काय झालं? वजनावर काही नसतं."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला? जड वस्तूच टिकते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

चहाचा कप घेऊन ठामराव सोफ्याशी आले आणि लेकीच्या शेजारच्या मोकळ्या अर्ध्यात टेकणार, तेवढ्यात तिने पडद्यावरची नजर न काढता हात आडवा केला.

"बाबा, तिथे नका ना बसू. ती तिची जागा आहे."

ठामरावांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग ते मुकाट्याने खाली, सतरंजीवर बसले.